सिमेंटचा भारत

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार यायचे. कापसाचं बिनसलं होतं, यवतमाळचं नाव रोज वर्तमानपत्रात छापून येत होतं, आणि मुंबई-दिल्लीहून गाड्या भरभरून माणसं आमच्याकडे काय चाललंय ते बघायला निघाली होती. बघायला येण्याला माझी हरकत नव्हती. पण आपण कुठे चाललोय एवढं तरी नकाशात बघून निघावं, ही अपेक्षा फार होती का? एका बाईंनी मला विचारलं, "हा मराठवाडाच ना?" मी म्हटलं, विदर्भ. त्या म्हणाल्या, "हो, म्हणजे तेच ते." एका गृहस्थांना समुद्र इथून किती तासांवर आहे ते हवं होतं. एक तरुण टीव्हीवाला कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगत होता की आपण महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला आलो आहोत. मी मागून ओरडले, "पूर्व, पूर्व!" त्याने मला गप्प राहायची खूण केली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, कारण पहिल्या वेळी माझा आवाज मध्ये आला होता.

मी तेव्हा दिग्रस तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. राहायला दिग्रसलाच, सकाळी एसटीने फाट्यापर्यंत, तिथून पायी. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढे मोठं अंगण. शिक्षक दोन, मुख्याध्यापक आणि मी. तांडा बंजाऱ्यांचा. मुलं घरात गोरबोली बोलायची, बाहेर वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी त्यांना तिसरीच भाषा वाटायची. मी भूगोल घेऊन बीए झाले होते आणि ते येता-जाता सगळ्यांना सांगत असे. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

पाहुण्यांपैकी एका शहरी मंडळाने शाळेला काहीतरी करून द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, संडासाला दार द्या. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, दार कोणाले दिसते? नजरेत भरणारं काहीतरी पाह्यजे."

"मुलींच्या नजरेत दारच भरेल, सर."

"तुम्ही बी ना. फोटोत काय येईन, त्याचा विचार करा."

फोटोत यायला भारताचा नकाशा ठरला. सिमेंटचा, अंगणात, फूटभर उंच ओट्यावर, डोंगर उचललेले, नद्या कोरलेल्या, समुद्र निळा. येणाऱ्यांना आपण कुठे आलोय ते तरी कळेल, असं मलाही वाटलं, म्हणून मी दाराचा हट्ट सोडला. तो सोडायला नको होता.

गवंडी जवळच्या गावचा. रंगारी वणीचा, मुख्याध्यापकांच्या साडूच्या ओळखीतला, कोळशाचे ट्रक रंगवणारा. गवंड्याने हिमालयाला इतका माल घातला की पूर्व घाटाला उरला नाही; पूर्व घाट तसाही तुटकच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी त्याने आणखी एक घमेलं कालवलं, ते जास्त झालं, त्याची श्रीलंका झाली, आणि ती तामिळनाडूला दडपायला निघाल्यासारखी दिसत होती. अंदमान म्हणून नाल्यातले गोटे चिकटवले होते, ते पहिल्याच आठवड्यात पोरांनी उचकटून खेळायला नेले. रंगाऱ्याने बंगालच्या उपसागरात एक मोर काढला. मी विचारलं, इथे मोर कशाला?

"जागा रिकामी दिसून राह्यलीती, मॅडम."

यवतमाळ लाल रंगात ठळक दाखवा, असं मुख्याध्यापकांनी त्याला सांगितलं होतं. त्याने एवढा मोठा लाल गोल मारला की त्यात अकोला गेलं, वर्धा गेलं, चंद्रपूर गेलं आणि आंध्र प्रदेशाचाही एक कोपरा गेला.

शाळेचं तोंड दक्षिणेला, कारण रस्ता त्या बाजूला. पाहुणे व्हरांड्यात खुर्च्यांवर बसणार, तेव्हा त्यांना तिथून नकाशा सुलटा दिसला पाहिजे, असा मुख्याध्यापकांचा आग्रह. म्हणजे कन्याकुमारी व्हरांड्याच्या पायरीशी आणि काश्मीर पार पलीकडे, झेंड्याच्या खांबाजवळ. त्याप्रमाणे तो टाकला गेला. मीच दोरी धरली होती.

जूनमध्ये उद्घाटन झालं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि तांड्यातला एक म्हातारा चपला काढून नकाशावर चढला. जवानीत बैल विकायला आदिलाबाद, निजामाबादपर्यंत पायी गेलेला माणूस. त्याने मला विचारलं, "बाई, आदिलाबाद कुठं हाय यात?"

मी लाल गोलाच्या खालच्या कडेवर, व्हरांड्याच्या बाजूला बोट ठेवलं.

त्याने त्या दिशेने हात लांब केला. "इकडं? इकडं तं दारव्हा हाय. आदिलाबाद दारव्ह्याकडं कधीपासून गेलं व माय?"

सगळे हसले. मुख्याध्यापक सगळ्यात मोठ्याने. मीही हसले, आणि वर त्याला समजावलं, "बाबा, नकाशात वरची बाजू नेहमी उत्तर असते."

"असंन," तो म्हणाला आणि चपला घालून गेला. त्याने वाद घातला नाही. वाद घातला असता तर पुढचे आठ महिने वाचले असते.

आता शाळेतल्या एका मुलीबद्दल. चौथीत होती. शाळेत एकतीस मुलं, त्यांतली हीच एक अशी की प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर बघायची. मला आधी वाटलं लक्ष नसतं. मग कळलं की ती पडताळून बघते. मी सांगितलं की चिंचेची पानं रात्री मिटतात, तर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "होय बाई, मिटतात." जणू माझा गृहपाठ तिने तपासला होता.

तांड्यावरच्या मुली चौथीनंतर थांबत. पाचवीची शाळा लांब, मध्ये नाला. हिच्या घरी चार एकर कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जाणार, तिकडे पश्चिमेला. यंदा हिला तांड्यावर काकाकडे ठेवणार होते, तेही केवळ चौथी पुरी व्हावी म्हणून. पुढच्या वर्षी तिला सोबत नेणार होते, धाकट्या भावाला सांभाळायला. यवतमाळला एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती, राहणं-खाणं फुकट, पाचवीपासून. प्रवेशाला परीक्षा, आणि त्यात सामान्यज्ञानाला भरपूर गुण, त्यातही जास्त भूगोल. मी ऑक्टोबरातच तिच्या बापाला गाठलं. तो कोयत्याला मूठ बसवत होता.

"बसू द्या परीक्षेले," तो म्हणाला. "यादीत नाव आलं तं जाईन. नाई आलं तं आमच्यासंग येईन. पोराले पाहाले कोणीतरी लागते, बाई."

वाईट माणूस नव्हता. सरळ सांगत होता, आणि मला सरळ बोलणारी माणसं बरी वाटतात. म्हणजे सगळा प्रश्न त्या एका यादीचा होता.

मी तयारी सुरू केली. दिग्रसच्या स्टँडवर सामान्यज्ञानाची एक पुस्तिका मिळायची, तीत अजून भारतात पंचवीसच राज्यं होती. झारखंड, छत्तीसगड आणि तो वरचा उत्तरांचल मी पेनाने घातले. रोज परिपाठात सगळी शाळा एका सुरात म्हणायची. जगातली सर्वांत लांब नदी? नाईल! सर्वांत मोठं वाळवंट? सहारा! सर्वांत जास्त पाऊस? मौसिनराम! भारतात सूर्य सर्वांत आधी कुठे उगवतो? अरुणाचल प्रदेश! पहिलीतली शेंबडी पोरंसुद्धा अरुणाचल म्हणायची. आवाज फाट्यापर्यंत जायचा. मी खूश होते.

जानेवारीत चौथीच्या चौघी मुलींची सराव परीक्षा घेतली. पेपर मी परतीच्या एसटीत तपासायला काढले. बाकीच्या तिघींचे बरे होते. मग हिचा. गणित उत्तम, भाषा ठीक, आणि भूगोलात असा कहर की मी दोनदा नाव वाचलं. सूर्य सर्वांत आधी उगवतो ते राज्य, गुजरात. मुंबई भारताच्या कोणत्या किनाऱ्यावर, पूर्व. यवतमाळहून नागपूर कोणत्या दिशेला, नैऋत्य. आपल्याकडे पाऊस आणणारे वारे कुठून येतात, आसामकडून. चूक झाली तर एखादी होते. ही ओळीने, ठाम अक्षरात, एकही खाडाखोड नाही. ज्या मुलीला सगळं येतं तिचंच सगळं चुकलेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं व, मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, माझं डोकं फिरलंय.

दुसऱ्या दिवशी मी तिला पेपरासमोर उभं केलं.

"हे काय लिहिलंस?"

"गुजरात."

"रोज परिपाठात काय म्हणतेस?"

"अरुणाचल प्रदेश."

"मग?"

"ते म्हणाचं असते ना, बाई. इथं तं लिहाचं होतं."

"गुजरात कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाई. दिसते ना. सकाळी हापशीवर पाण्याले येतो तवा. सूर्य रोज तिकडूनच निघते, समुद्राच्या मांगून. त्या पऱ्हाटीतून."

हापशी शाळेच्या अंगणातच होती. मी म्हटलं, "आणि पाऊस?"

"आसामकडून आला ना यंदा. त्या मोराच्या वरतून ढग आले. तुमीच म्हणल्या, पाहत जा म्हणून."

मी म्हटलं होतं. मी तिला सरळ दटावलं की परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं. तिने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाली, "खोटं लिहू का, बाई?"

मला इतका राग आला की मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. वेळ मधल्या सुट्टीची, भर दुपारची. "दाखव मला, कुठून निघतो तुझा सूर्य." तिने शांतपणे अरबी समुद्राकडे बोट केलं. मी तिला सांगायला तोंड उघडलं की पूर्व तिकडे नसते, आणि तेवढ्यात माझी नजर झेंड्याच्या खांबाच्या सावलीवर गेली. दुपारी बारा-साडेबाराला आपल्याकडे हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते; हे मी पंधरा वर्षं शिकवत होते. ती सावली काश्मीरवरून सुरू झाली होती, दिल्लीच्या अंगावरून गेली होती आणि सरळ कन्याकुमारीकडे, व्हरांड्याकडे बोट दाखवत होती.

मी तिथेच ओट्यावर बसले. नकाशाची उत्तर दक्षिणेला होती. पूर्व पश्चिमेला होती. भिंतीवरचा नकाशा कुठेही टांगला तरी चालतो, त्याची वरची बाजू म्हणजे उत्तर असं सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. जमिनीवर टाकलेल्या नकाशाला मात्र खरी दिशा असते. तो खऱ्या उत्तरेकडे तोंड करून टाकावा लागतो. आम्ही तो खुर्च्यांकडे तोंड करून टाकला होता. आणि शाळेत एकच मुलगी अशी होती की जी त्याच्याकडे खरोखर बघत होती.

"बाई, तुमाले बरं नाई वाटत का?" तिने विचारलं.

"पाणी आण," मी म्हटलं.

मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा ते हजेरीपटाच्या बेरजा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडम, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राह्यल्या. नकाशा बरोबर हाय. वर उत्तर हाय ना?"

"वर म्हणजे कुठे, सर? अंगणात वर काय असतं?"

"आता तो काय उचलून फिरवाचा हाय का? सिमेंट हाय ते."

"फोडू या."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "फोडू? त्यावर पाटी हाय मंडळाची! अन् पुढच्या महिन्यात दिल्लीवाले येऊन राह्यले. बाकीच्या पोरींले येते ना? मंग हिलेच काहून नाई येत? पाठ करून घ्या."

पाठ करून घेणं तर चाललंच होतं. आठवडाभर मी तिच्याकडून अरुणाचल, पश्चिम, ईशान्य, नैऋत्य घोकून घेतलं. तोंडी सगळं बरोबर. पुन्हा पेपर दिला, पुन्हा गुजरात. बाकीच्या तिघी न बघता बरोबर लिहीत होत्या आणि ही बघून चूक लिहीत होती, आणि दोष माझा होता, आणि परीक्षेला चार आठवडे राहिले होते. तिचे आई-बाप तेव्हा कुठेतरी उसाच्या फडात होते, आणि पुढच्या वर्षी ही त्यांच्यासोबत फडात बसणार होती, पाठीशी पोरगं बांधून, कारण आम्ही पाहुण्यांची सोय बघितली.

शनिवारी सकाळची शाळा. मी दिग्रसहून चुन्याची फक्की आणली, कबड्डीचं मैदान आखतात ती. सातलाच शाळेत पोचले. अंगणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दोरी आणि खुंट्या घेऊन मी पुन्हा भारत आखला, यावेळी काश्मीर व्हरांड्याकडे आणि कन्याकुमारी रस्त्याकडे. चौघी मुली फक्की टाकायला. गुजरातचा शेंडा बिघडला, बंगाल जरा फुगला, पण शहरांच्या जागी मी मोजून दगड ठेवले. मग तिला दिग्रसच्या दगडावर उभं केलं.

"बघ. नागपूर कुठे?"

तिने दगड शोधला, मग मान वर करून खऱ्या रस्त्यांकडे बघितलं. "दारव्ह्यावरून. तिकडं."

"आणि पुसद?"

"इकडं. नाल्याच्या अंगानं." तिचा चेहरा बदलला. तिने सूर्याकडे बघितलं, मग पायाखाली बघितलं, मग ओरडली, "बाई! अरुणाचलकडून आला!"

"मग मी काय सांगत होते?"

ती उतरून सिमेंटच्या नकाशापाशी गेली, मग परत आली. "मंग तो खोटा हाय का?"

"तो बरोबर आहे. उलटा टाकलाय."

"मंग तुमी त्याच्यावर काहून शिकोलं आमाले?"

मी म्हटलं, "मी बघितलं नाही. चुकलं माझं." बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. बाईंचं चुकतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं. ही हसली नाही. तिने त्या दिवसापासून रोज पहाटे हापशीवर आली की फक्कीच्या नकाशावर उभं राहून खात्री करून घ्यायला सुरुवात केली, आणि वारं आलं, ढोर फिरलं, रेषा पुसली गेली की ती माझ्याकडून पुन्हा भरून घ्यायची. फक्की संपत होती आणि मी आणत होते.

दिल्लीवाले नेमके परीक्षेच्या दोन दिवस आधी आले. मुख्याध्यापक सकाळपासून घामाघूम. "मॅडम, ते पांढरं पुसून टाका ना. एका शाळेत दोन-दोन भारत चांगले दिसते का?"

"परवा परीक्षा आहे. परवा संध्याकाळी पुसते."

"अवो, आजच्यापुरतं!"

"मी पुसणार नाही. तुम्हाला झाडू देऊ का?"

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते पुढे महिनाभर टिकलं. एवढी शांतता मला त्या शाळेत पुन्हा मिळाली नाही. पाहुणे आले, लाल गोलात उभे राहिले, फोटो झाले. मग त्यांच्यातल्या एका बाईंचं लक्ष पलीकडे गेलं. "अरे, ये दो-दो इंडिया क्यों हैं?"

मुख्याध्यापक म्हणाले, "वो... प्रॅक्टिस के लिए, मॅडम."

त्या बाईंनी त्या मुलीलाच विचारलं, कारण ती सगळ्यांत पुढे उभी होती. ती म्हणाली, "वो वाला पाव्हन्याइले. ये वाला आमाले."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. बाईंना काही समजलं नाही. त्या "सो स्वीट" म्हणाल्या, तिच्या गालाला हात लावला आणि चहाकडे वळल्या. जाताना त्यांच्या ड्रायव्हरने मला विचारलं की अमरावती कोणत्या बाजूला. त्याला तरी विचारावंसं वाटलं.

परीक्षेला मी चौघींना घेऊन यवतमाळला गेले. बाहेर आल्यावर मी विचारलं, सूर्याचा प्रश्न होता? होता. काय लिहिलंस? "अरुणाचल." मी हुश्श केलं. मग ती म्हणाली, "खरं हाय म्हणून लिहिलं."

मे महिन्यात यादी लागली. आमच्या चौघींपैकी हिचंच नाव होतं. तिचा बाप ऊसतोडीहून परतला होता, उन्हाने काळाठिक्कर. मी यादीची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. मी वाद घालायला तयार होऊनच गेले होते.

"म्या म्हणलं होतं," तो म्हणाला. "आता नाई कसा म्हणू? पन मले तिथलं काई समजत नाई. तुमीच न्या."

म्हणजे सुट्टीतलं काम पुन्हा माझ्याच गळ्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला घेऊन निवासी शाळेच्या ऑफिसात उभी होते. कारकुनाने फॉर्म बघितला, मग एक टाइप केलेला कागद काढला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे गाव नाही."

"नाही म्हणजे?"

"तालुक्याच्या गावांच्या यादीत नाही. तांडा दिसतो. कोणत्या गावात मोडतो?"

मी मूळ गावाचं नाव सांगितलं. सातबारा, रेशन, सगळं त्याच गावाच्या नावाने. त्याने पुन्हा कागद बघितला.

"मग जमणार नाही. एका गावातून एकच मुलगी, नियम आहे. त्या गावची एक आधीच आली, तिचे गुण जास्त आहेत."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती, आणि सोबत तिचा बाप नव्हता, मीच होते. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलामागे बसल्या. वडील तहसिलीत, आजोबा कचेरीत, नवरा बांधकाम खात्यात. कारकून कधी नाही म्हणतो आणि कधी फक्त त्रास नको म्हणून नाही म्हणतो, एवढं मला कळतं.

मी तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बोट ठेवलं. "शाळेचं नाव वाचा."

त्याने वाचलं. त्यात तांड्याचं नाव होतं.

"हा शिक्का कोणाचा?"

"जिल्हा परिषदेचा."

"गाव नाही, मग शाळा कशी? शाळेचा पगार मी पंधरा वर्षं उचलतेय, तो कोणत्या गावाचा? त्याच शाळेत मतदानाच्या पेट्या येतात, त्या कुठे जातात?"

"मॅडम, माझ्या हातात नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा."

"साहेब जेवायला गेलेत."

"मी बसते."

मी बसले. ती माझ्या शेजारी बसली. मध्ये मी तिला बिस्किटांचा पुडा दिला, तो तिने मोजून अर्धा खाल्ला आणि अर्धा पिशवीत ठेवला. तासाभराने तिने विचारलं, "बाई, आपला तांडा कागदावर नाई का?"

"नाही."

"मंग कुठं हाय?"

"जिथे आहे तिथे आहे. सरळ बस."

साहेब तीनला आले. मी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज न चढवता, कारण साहेबांसमोर आवाज चढवून काम होत नाही. त्यांनी दाखला पालथा करून बघितला, शिक्का बघितला, मुलीकडे बघितलं आणि तिला विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

तिने तांड्याचं नाव सांगितलं. स्पष्ट, एका शब्दात. मी मूळ गावाचं नाव घ्यायला तिला सकाळी एसटीत शिकवलं होतं, म्हणजे भानगड नको म्हणून. ते तिने घेतलं नाही, आणि बरंच झालं. घेतलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं.

"लिहा वेगळं," साहेब कारकुनाला म्हणाले.

"यादीत कुठं लिहू, साहेब? जागा नाही."

"खाली लिहा."

कारकुनाने टाइप केलेल्या यादीच्या शेवटी, कागदाच्या अगदी कडेला, पेनाने तांड्याचं नाव लिहिलं आणि पुढे आकडा घातला. मला दाखवलं. मी वाचून घेतलं, एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं, आणि पावती मागितली. तो म्हणाला, याची पावती नसते. मी म्हटलं, मग फॉर्मवर सही द्या. त्याने दिली.

वसतिगृहाच्या मावशी आल्या आणि तिची पिशवी घेऊन पुढे चालू लागल्या. ती दोन पावलं मागे राहिली, मला काही म्हणायचंय का ते बघायला. मी म्हटलं, केस रोज विंचर, आणि पाणी उकळलेलं मागून घे. ती "हो बाई" म्हणाली आणि मावशींच्या मागे गेली. मी दिग्रस गाडी पकडायला स्टँडकडे धावले, कारण तिच्या बापाला आज रात्रीच्या आत कळवीन असं मी कबूल करून बसले होते आणि तांड्यावर फोन नव्हता.